दुरुस्तीची जागा

सकाळी सात वाजता वर्तमानपत्राच्या कचेरीत कुणी नसतं. रात्रपाळीची माणसं घरी जाऊन झोपलेली असतात आणि दिवसाची माणसं अकराशिवाय फिरकत नाहीत. सांगलीतल्या आमच्या जिल्हा दैनिकाच्या कचेरीत त्या रिकाम्या वेळात आम्ही दोघंच असायचो, मी आणि काका. काका हे त्यांना कचेरीत सगळेच म्हणायचे. टेबलांवर आदल्या रात्रीचे चहाचे कप, खाली प्रुफांचे कागद आणि जिन्यातून वर येणारा छपाईच्या शाईचा वास. आमच्या वाट्याला कोपऱ्यातलं एक टेबल, एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोन आला होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आपल्या पेपरची इंटरनेट आवृत्ती काढायची असं संपादकांनी ठरवलं होतं आणि ती आम्ही दोघांनी काढायची होती. ती कशी काढतात हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मी कवठे महांकाळ तालुक्यातली. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. मी मराठी घेऊन बी. ए. झाले, मग सांगलीतच विश्रामबागला सहा महिन्यांचा डीटीपीचा कोर्स केला आणि या पेपरात पानं लावायच्या कामाला लागले. काका सातारा जिल्ह्यातले. घरचा ऊस भाऊ बघायचे, हे स्वतः सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होऊन निवृत्त झालेले. पेपरनं त्यांना टेलिप्रिंटर सांभाळायला घेतलं होतं. पण बातम्या थेट संगणकावर यायला लागल्या, टेलिप्रिंटरवर कापड पडलं आणि काका मोकळे झाले. पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून बसत ते मला म्हणाले, "ताई, मला मराठी टायपिंग येत न्हाई आन् तुमाला लाइन जोडाय येत न्हाई. म्हंजे जमलं की."

जमायला दोन महिने लागले. विश्रामबागच्या एका कॉलेजातल्या सरांनी दोन रविवार बसवून आम्हाला पान लिहायच्या खुणा शिकवल्या. हा शब्द ठळक, इथं ओळ तोडा, इथं चित्र लावा. तिसऱ्या रविवारी सर आले नाहीत, त्यामुळे पुढचं आमचं आम्हीच चुकतमाकत शिकलो. सगळ्यात मोठी अडचण अक्षरांची. आमच्या पेपरचा फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकात नसेल, तर त्याला बातमीच्या जागी नुसत्या खुणा आणि चिन्हं दिसायची. म्हणून फॉन्ट कसा उतरवून घ्यायचा हे पानाच्या डोक्यावर इंग्रजीत लिहावं लागायचं आणि मथळ्यांची चित्रं करून लावावी लागायची, म्हणजे निदान मथळे तरी वाचता यावेत. चित्रं जड व्हायची. पान उघडायला किती वेळ लागतो ते काका मनगटातल्या घड्याळावर मोजायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "दीड मिनिट झालं. माणूस उठून पानी पिऊन येईल."

मला मात्र सुरुवातीला सगळं नटवायची हौस. पहिल्या पानावर मी लाल पट्टी लावली, तिच्यातून अक्षरं उजवीकडून डावीकडे पळायची. ‘नवीन’ हा शब्द लुकलुकायचा. पाठीमागं झेंडूसारखा पिवळा रंग. संपादकांना बोलावून दाखवलं. साठी उलटलेले, पांढरा हाफ शर्ट, खिशाला लाल पेन. ते मागं हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "बँड कुणी बोलावला?"

काका तोंड फिरवून हसले. मी त्याच दिवशी पट्टी काढली, पिवळा रंग काढला. पांढऱ्यावर काळं ठेवलं.

संपादक स्वतः कधी संगणकासमोर बसले नाहीत. आमच्या पानांच्या कागदावर प्रती काढून त्यांच्या टेबलावर ठेवायच्या, ते लाल पेनानं दुरुस्त करून देणार आणि मग आम्ही पान इंटरनेटवर चढवणार. त्या लाल खुणांमधून मी पुष्कळ शिकले. पण एक गोष्ट त्यांनाही आधी सुचली नव्हती. अमेरिकेतल्या एका वाचकाचं रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी पत्र ई-मेलनं आलं. त्यानं विचारलं होतं, तुम्ही लिहिता ‘काल येथे सभा झाली’, तर काल म्हणजे कधी आणि येथे म्हणजे कुठे? मी तुमचं पान चार दिवसांनी उघडलंय आणि तुमच्या जिल्ह्यात एकाच नावाची तीन गावं आहेत.

पेपर हातात धरणाऱ्याला तारीख वर दिसते, गाव पानावर दिसतं. आमच्या पानावर बातमी एकटी पडायची. ते पत्र मी काकांना वाचून दाखवलं. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"आमच्यात निरोपाला तारीख-टाइम पैला," ते म्हणाले. "मग कुनाकडनं, कुनाला. मजकूर त्याच्या खाली. तारीख नसंल तर त्यो निरोप म्होरं जातच न्हाई."

तेव्हापासून मी प्रत्येक बातमीतले ‘काल’, ‘आज’, ‘येथे’ शोधून काढायचे आणि तिथं वार, तारीख, गाव, तालुका घालायचे. आणि मथळे तोडायला शिकले. छापील पेपरातला मथळा आठ-दहा शब्दांचा असायचा, त्याचं चित्र पडद्यावर मावायचं नाही. मी ते चार शब्दांवर आणायचे. सकाळी वीस बातम्या समोर घ्यायच्या, त्यातल्या सात-आठ निवडायच्या आणि प्रत्येकीचा गाभा चार शब्दांत पकडायचा. यात मला गती आहे असं संपादक एकदा म्हणाले. ते वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवलं.

अशाच एका मंगळवारी आमच्या तालुक्यातली एक बातमी माझ्या हातात आली. उन्हाळा होता. आमच्याकडच्या कोरडवाहू गावांना टँकरनं पाणी चाललं होतं. एका गावात रविवारी वस्तीतल्या लोकांनी टँकर अडवला, पाणी उतरवून घेतलं आणि त्यामुळे गावात तणाव झाला, अशी बातमी होती. कवठे महांकाळच्या वार्ताहरानं पाठवलेली. त्या दिवशीच्या पेपरात ती तिसऱ्या पानावर छापून आली होती. गाव माझ्या आत्याचं होतं. वस्तीही तिचीच होती. आणि वस्तीचं नाव बातमीत जुनं लिहिलं होतं, जातीवरून पडलेलं. छप्पनला तिथल्या घरांनी धम्म स्वीकारला, तेव्हाच ते नाव त्यांनी टाकलं होतं. ते मी इथंही लिहीत नाही.

मी ते वाचलं. नजरेतून सुटलं असं नव्हतं. वाचलं, आणि मग स्वतःला सांगितलं की ही बातमी आपण लिहिलेली नाही, छापून झालेली आहे, आपण फक्त चढवायची आहे. कचेरीत माझ्या आडनावावरून सगळ्यांना सगळं माहीत होतं. त्यावर बोलणं मात्र कधी झालं नव्हतं. आता आपणच ते कशाला काढा, असंही वाटलं. मी मथळा केला : ‘टँकर अडवून पाणी पळवले’. चार शब्द. चांगला झाला असंही वाटलं, ते खोटं कशाला सांगू.

बुधवारी सकाळी आठच्या सुमाराला आबा कचेरीच्या जिन्यात उभे. खाकी शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी. टेलिफोन खात्याच्या विश्रामबागच्या कचेरीत त्यांना काही सामान पोचवायचं होतं, तिकडं जाता जाता आले होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच माझ्या कामाच्या जागी येत होते. काकांनी उठून त्यांना खुर्ची दिली, खाली चहा सांगितला. दोघांचं लगेच जमलं. कुठल्या केबलला पाणी शिरतं, कुठल्या लाइनला खरखर येते, मोडेम मधेच का तुटतो, असं बोलणं सुरू झालं. मग आबा माझ्याकडं वळले.

"तुझं ते इंटरनेट दाव की."

मी लाइन जोडली. मोडेमनं नेहमीची किरकिर केली. आबांनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली, लाइन बरी आहे म्हणून. पान वरून खाली हळूहळू उमटायला लागलं. आमचं नाव आलं, तारीख आली, मग मथळे एकेक करून. कालच्या पानाची जोडणी, म्हणजे लिंक, खाली होती. आबा म्हणाले, "कालचं काड."

मी काढलं. चार शब्दांचा मथळा आला. आबांनी चष्मा घातला आणि पूर्ण बातमी वाचली. ते पेपर वाचायचे तसंच, ओठ किंचित हलवत.

"आयतवारी मी तितंच हुतो," ते म्हणाले. "तुझ्या आत्याकडं गेलतो. ओढ्याच्या वळनाला टँकरचं चाक रुतलं. डायवर म्हनला, भरलेला निघत न्हाई, घागरी आना, थोडं हलकं करू. बायकांनी भरून घेतलं. मग आमी धा-बारा जनांनी खांदा लावून त्यो भाईर काडला. कुनी अडवला न्हाई, कुनी पळवला न्हाई."

काकांनी खुर्ची पडद्याकडं ओढून ती बातमी स्वतः वाचली.

"हे अमेरिकेतबी असंच दिसतं?" आबांनी विचारलं.

"हो."

"आन् उद्या?"

"उद्यापण. जुनी पानं आपण काढून टाकत नाही, आबा."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. "वस्तीचं नाव वाचलं हुतंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. "वाचलं होतं," मी म्हणाले.

"मग?"

"छापून आलेलं होतं."

आबांनी चहा संपवला. कप हलकेच खाली ठेवला. "आमच्यात सांधा कच्चा ऱ्हायला तर खांबावरनं उतरत न्हाईत, बाळ. परत कोन चढतंय?" एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली, काकांना नमस्कार केला आणि गेले. खिडकीतून मला ते रस्ता ओलांडताना दिसले. उन्हात डोक्यावर टोपी सारखी करत होते.

ते वळणावर दिसेनासे झाले तशी मी खुर्चीत बसले आणि ती बातमी उघडली. वस्तीचं नाव बदललं. ‘अडवला’ काढलं, ‘रुतला’ घातलं. मथळ्याचं नवं चित्र केलं : ‘रुतलेला टँकर ग्रामस्थांनी काढला’. पंधरा मिनिटांत पान पुन्हा चढवलं. मला एकदम हलकं वाटलं. कागदावर छापलेलं असं कधी बदलता आलं असतं का?

काका शेजारून बघत होते. "सायबांना न इचारता?"

"चूक होती ती, काका."

"चूक हुती, व्हय. पर पाठवलेला निरोप असा बदलत न्हाईत, ताई. दुसरा पाठवायचा. त्यात म्हनायचं, पैला रद्द, ह्यो घ्या. न्हाईतर त्या टोकाच्या मानसानं काय समजायचं?"

मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण सोडून दिलं.

शुक्रवारी ई-मेलनं आणखी एक पत्र आलं. आखातातल्या एका बंदरावर काम करणाऱ्या आमच्याच भागातल्या माणसाचं. त्यांच्या खोलीत आठ जण राहायचे, सगळे सांगली-साताऱ्याकडचे. आठवड्यातून एक-दोनदा कुणीतरी कामाच्या जागच्या संगणकावर आमचं पान बघून त्याच्या प्रती काढून आणायचा आणि खोलीत त्या वाचल्या जायच्या. त्यानं लिहिलं होतं : मंगळवारी तुमच्याकडं होतं की वस्तीतल्या लोकांनी पाणी पळवलं. आमच्यातला एक त्याच वस्तीचा आहे. तो म्हणाला, असं होणार नाही. बाकीचे म्हणाले, पेपरात आलंय. काल परत बघितलं तर बातमी वेगळीच. खाली-वर कुठं काही लिहिलेलं नाही. आता बाकीचे म्हणतात, याचं कुणीतरी तिथं आहे, त्यानं बदलून घेतली. दोन दिवस तो कुणाशी बोलत नाही. तेव्हा खरं कुठलं ते कळवा.

आलेल्या सगळ्या पत्रांच्या प्रती संपादकांच्या टेबलावर जायच्या, तशी हीही गेली. बाराच्या सुमाराला त्यांनी मला बोलावलं. समोर दोन कागद ठेवलेले : मंगळवारच्या पानाची प्रत आणि हे पत्र.

"बातमी कुणी बदलली?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

वडिलांच्या सांगण्यावरून म्हटलं तर त्या खोलीतली माणसं म्हणत होती तेच खरं ठरत होतं. तरीही सांगितलं. आत्याची वस्ती, आबा तिथं असणं, नाव वाचूनही मी गप्प बसणं, मग कुणाला न विचारता बदलणं. सगळं एका दमात सांगितलं. संपादकांनी मधे अडवलं नाही.

"तुमचे वडील तिथं होते?"

"हो."

"आणि आपला वार्ताहर?"

"ते माहीत नाही."

त्यांनी फोन ओढला आणि कवठे महांकाळला लावला. वार्ताहर सायकलचं दुकान चालवायचा आणि जोडीला बातम्या पाठवायचा. संपादकांनी एकच प्रश्न विचारला, तुम्ही स्वतः गेला होता का? पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही, पण संपादकांचा चेहरा बघून कळलं. फोन ठेवून ते माझ्याकडं वळले.

"वडिलांचं ऐकलंत यात वावगं काही नाही. ते साक्षीदार आहेत, आपला माणूस नव्हता," ते म्हणाले. "पण एका साक्षीदारावर आपण बातमी बदलत नाही. आणि बदललेलं लपवत तर नाहीच. तुम्ही खरं लिहिलंत, तरी ते लबाडीसारखं दिसलं. बघा, त्या पोराची काय अवस्था झाली." मग म्हणाले, "उद्या जाऊन या. वार्ताहराला बरोबर घ्या. टँकरवाल्याला भेटा. वडिलांना मधे घेऊ नका."

शनिवारी सकाळच्या एस. टी.नं मी गेले. वार्ताहर स्टँडवर उभा होता, पस्तिशीचा, तेलकट हात पुसत. मला बघून अवघडला. "मॅडम, नाक्यावर चर्चा हुती," तो म्हणाला. "चार जण सांगाय लागल्यावर मी लिवलं." मला कुणाला सुनवायचा अधिकार उरला नव्हता.

टँकरचालक पाणी भरायच्या विहिरीवर सापडला. बारीकसा माणूस, डोक्याला टॉवेल. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "माझं चाक रुतलं. मीच म्हनलं, भरा. रुतलेला ट्यांकर घिऊन मी काय रातभर बसू व्हय? त्यांनी ढकलला म्हनून निगाला. फुडच्या गावाला पानी कमी पडलं, त्यांनी इचारलं, पानी कुटाय? मी म्हनलं, अलीकडं उतरलं. तितनं त्यांनी काय लावायचं ते लावलं."

तिथून आम्ही वस्तीवर गेलो. आत्या दारात होती. मला बघून तिला आनंद झाला, पण बरोबरचा माणूस कोण हे कळल्यावर तिनं पदर सारखा केला आणि सरळ त्यालाच विचारलं, "आवं, आमच्या वस्तीचं नाव तुमाला कुनी सांगितलं?"

"सगळी तसंच म्हनत्यात," वार्ताहर खाली बघत म्हणाला.

"आमाला इचारलं न्हाई तुमी. तितं कमानीवर लिवलंय की."

कमान वस्तीच्या तोंडाशीच होती. निळ्या रंगात अक्षरं, दरवर्षी एप्रिलमध्ये नव्यानं रंगवलेली. वार्ताहर चालत तिथपर्यंत गेला, खिशातून वही काढली आणि मान वर करून नाव उतरवून घेतलं. एकेक अक्षर बघून, काना-मात्रेसकट. परत आला तेव्हा आत्यानं त्याला पाणी दिलं, ते तो उभ्या उभ्याच प्याला. मग आत्यानं आतून पोतं आणून अंथरलं आणि म्हणाली, "बसा की आता." तो बसला. आम्ही तिथंच भाकरी खाल्ली.

सोमवारी दुरुस्ती लिहायला बसलो. संपादक पहिल्यांदाच आमच्या कोपऱ्यात येऊन बसले, काकांच्या खुर्चीवर. काका उभे. पहिला मसुदा संपादकांनीच सांगितला : ‘अनवधानाने चूक झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत.’ मग स्वतःच म्हणाले, "अनवधानाने काढा. आपण विचारलंच नाही, त्याला अनवधान म्हणत नाहीत." मी लिहिलं होतं, ‘ती बातमी खोटी होती’. त्यावर ते म्हणाले, "खोटी म्हणजे मुद्दाम. चुकीची म्हणा. आणि काय चुकलं ते स्पष्ट सांगा. नुसतं चुकलं म्हणाल, तर जे वाचलं नव्हतं तेही लोक मनानं भरतील."

शेवटी मजकूर असा झाला : ‘या बातमीत आम्ही मंगळवारी लिहिले होते की वस्तीतील लोकांनी टँकर अडवून पाणी पळवले. ते चुकीचे होते. टँकर रुतला होता. चालकाने सांगितल्यावरून लोकांनी पाणी भरून घेतले आणि टँकर ढकलून बाहेर काढला. वस्तीचे नावही आम्ही चुकीचे लिहिले होते. बुधवारी आम्ही बातमी बदलली, पण तसे सांगितले नाही. या तिन्ही चुका आमच्या आहेत.’

आता हे लावायचं कुठं? संपादक म्हणाले, खुलासा नेहमी पानाच्या तळाशी असतो. छापील पेपरात तसंच असायचं, शेवटच्या रकान्यात, बारीक टायपात. मी म्हणाले, "साहेब, पडद्यावर तळापर्यंत कुणी जात नाही. आम्ही बघितलंय. आणि त्या खोलीत प्रत काढून नेतात, पहिलाच कागद नेला तर हे राहून जाईल."

"मग?"

"वर लावूया. मथळ्याच्या खाली, बातमीच्या आधी. बातमीच्याच अक्षरात."

संपादकांनी बराच वेळ विचार केला. बातमी वाचायच्या आधीच आपली चूक वाचायला लावायची, हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या सवयीला पटणारं नव्हतं. मी तोवर दोन्ही तऱ्हेची पानं करून कागदावर काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. एकात दुरुस्ती खाली, एकात वर. त्यांनी दोन्ही हातभर लांब धरून बघितली. मग वर लावलेल्या कागदावर लाल पेनानं सही केली.

"टाइम घाला," काका मागून म्हणाले. "कवा दुरुस्त केलं, त्येचा."

तोही घातला. दुसऱ्या दिवशी छापील पेपरातही खुलासा आला, पण तिसऱ्याच पानावर आणि चौकटीत. जिथं बातमी आली होती तिथंच. संपादकांनी हा नियम दोन्हीकडं केला. टाइप केलेला कागद आमच्या टेबलाच्या वर भिंतीला चिकटवला : बातमी बदलली तर काय बदललं ते सांगायचं, वर सांगायचं, वेळ घालायची. त्याखाली मी माझ्या हातानं एक ओळ लिहिली : वस्तीचं नाव वस्तीतल्या माणसाला विचारायचं. संपादकांनी ती वाचली आणि राहू दिली.

आखातातल्या त्या वाचकाला मी दुरुस्तीच्या पानाचा पत्ता कळवला. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं : खोलीत वाचून दाखवलं. तो आमच्यात जेवायला बसला. आणखी काही लिहिलेलं नव्हतं.

आबांना मी घरी गेल्यावर सांगितलं. त्यांनी ऐकलं, कुणाकुणाशी बोललीस ते विचारलं, चालकाचं नाव ऐकून ‘चांगला मानूस हाय’ म्हणाले. कौतुक वगैरे त्यांनी केलं नाही. पण त्यानंतर कामासाठी सांगलीला आले की ते कचेरीत डोकावू लागले. मी कामात असले तर काकांशी बोलून, चहा घेऊन निघूनही जायचे.

वर्षभरानं पेपरनं साताऱ्याच्या कचेरीतूनही पानं चढवायचं ठरवलं आणि मला तिकडं पाठवलं. काका सांगलीतच राहिले. निघताना त्यांनी मला त्यांच्या गावचा पत्ता लिहून दिला आणि बजावलं, "घरची मानसं हायत. जेवाय जावा. लाजायचं न्हाई." मी खरंच जायचे, महिन्यातून एखाद्या रविवारी. त्यांच्या वहिनींनी पहिल्या खेपेला मला पाहुणीसारखं वागवलं, दुसऱ्या खेपेला शेंगा फोडायला बसवलं.

साताऱ्यात मी किल्ल्याच्या पायथ्याशी एक खोली घेतली होती. कचेरी चालत पंधरा मिनिटांवर. इथं माझ्या हाताखाली तालुक्यांचे वार्ताहर होते, बहुतेक माझ्याहून वयानं मोठे. महिन्यातून एकदा ते जमायचे आणि मी त्यांना पडद्यावरचं पान दाखवायचे. हे कुणाला, कुठं, कधी दिसतं. फोटो किती लहान करायचा. मथळ्यात काय ठेवायचं, काय सोडायचं. महाबळेश्वरचे वार्ताहर टॅक्सीवाले होते. ते पावसाळ्यात रोज सकाळी फोन करून पाऊस किती झाला ते सांगायचे आणि परदेशातून सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच यायची. आम्ही पहिल्या पानावर पावसासाठी छोटी चौकट केली. तिचा रंग कुठला ठेवायचा यावर त्या टॅक्सीवाल्या गृहस्थांनी माझ्याशी आठवडाभर फोनवर वाद घातला. त्यांना हिरवा हवा होता. मी राखाडी ठेवला, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे हिरवा केला. हिरवा चांगला दिसला.

एकदा कॅनडातून एका बाईंचं पत्र आलं. वीस वर्षांपूर्वी त्या साताऱ्याला कॉलेजात होत्या. कॉलेजच्या रस्त्यावर एक मोठं गुलमोहराचं झाड होतं, त्याखाली त्या मैत्रिणींबरोबर बसची वाट बघायच्या. ते आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. ही काही बातमी नव्हती. पण दुपारी काम संपल्यावर मी चालत गेले. झाड होतं. खाली उसाच्या रसाची गाडी लागली होती आणि पाच-सहा मुली वह्या छातीशी धरून उभ्या होत्या. मी कचेरीतला कॅमेरा नेला होता. मुलींना विचारून एक फोटो काढला, तो लहान केला, खाली रस्त्याचं नाव आणि तारीख घातली आणि त्या बाईंना पाठवून दिला.